गावातले तीन महासागर

आमच्या गावात तीन महासागर होते. नेकनूरला बसमधून उतरून शेतातल्या वाटेनं आत आलं की मारुतीच्या देवळामागं जी मोठी दगडी विहीर दिसते, तो प्रशांत. आमच्या भावकीच्या शेतातली अरुंद, लांबट विहीर म्हणजे अटलांटिक. शाळेच्या पाठीमागची, जिच्यात दर वर्षी कुणाची तरी चप्पल पडायची, तो हिंदी महासागर. गावाबाहेरच्या पाझर तलावाला अरबी समुद्र म्हणत, पण त्यात पाणी असेल तेव्हाच. एरवी तिथं शेरडं चरत.

ही नावं आमच्या भूगोलाच्या सरांनी दिली होती. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून त्यांनी ती वर्गात वापरली, पोरांनी घरी नेली आणि पाहता पाहता सगळं गाव ती बोलायला लागलं. "अटलांटिकवरची मोटार जळाली," असं आमचे आबा सकाळी उठून सहज म्हणत. एकदा कुणाची तरी म्हैस प्रशांतात पडली, तेव्हा देवळाच्या भोंग्यावरून तशीच घोषणा झाली आणि गावात आलेला एक पाहुणा बराच वेळ भोंग्याकडे बघत उभा राहिला. मी स्वतः चांगला कळता होईपर्यंत खरा प्रशांत आपलाच, आणि अमेरिकेशेजारचा नंतर कुणीतरी त्यावरून काढला, अशा समजुतीत होतो. आज मी समुद्राचा अभ्यास करण्याचा पगार घेतो. त्यामुळे ही गोष्ट आमच्या संस्थेत मी कुणाला सांगितलेली नाही.

सर अंगानं वाळलेले आणि उंच. बारा महिने हातात छत्री. आमच्याकडं छत्रीला पावसाचं काम थोडेच दिवस पडतं. बाकीचे दिवस ती नकाशावर देश दाखवायला, कुत्री हाकलायला आणि डुलक्या घेणाऱ्या पोरांना टोचायला उपयोगी पडे. सदऱ्याच्या खिशात खड्याच्या मिठाची पुडी असायची. समुद्राचा धडा आला की ते हिंदी महासागरातून बादलीभर पाणी शेंदून आणत, त्यात मूठभर मीठ टाकून छत्रीच्या दांड्यानं ढवळत आणि सगळ्या वर्गाला ओंजळभर प्यायला लावत. "ही चव ध्यानात ठिवा," ते म्हणत. "पेपरात कुणी इचारणार न्हाई, पण उद्या समुद्र भेटला तर वळख पटली पायजे." त्या दिवशी निम्मा वर्ग दुपारपासून माठाभोवती असे.

शाळेतल्या एकुलत्या एका जगाच्या नकाशातली आफ्रिका उंदरांनी खाल्ली होती. हेडमास्तरांना नवा नकाशा मागवायचा होता, पण सरांनी नको म्हटलं. "जमीनच गेलीय," ते म्हणाले, "पाणी सगळं शाबूत हाय."

साऱ्या जगाला विचारायला सरांकडे एकच प्रश्न होता: "बगितलंस का?" कुणी सांगितलं की पाटोद्याच्या बाजारात बैलांचे भाव पडलेत, तर "बगितलंस का?" कुणी सांगितलं अमक्याच्या पोराला नोकरी लागली, तर "कामावर जाताना बगितलंस का?" डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गावात बोअर आले तरी सरांनी बोअरचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. जे पाणी वाकून बघता येत नाही ते प्यायचं कशाच्या भरवशावर, असं त्यांचं म्हणणं. आणि याच माणसानं उभी हयात समुद्र शिकवण्यात घालवली, आणि समुद्र एकदाही बघितला नव्हता.

कारण साधं होतं. सरांना गाडी लागायची. बीडच्या बसमध्ये बसले की पहिल्या वळणाला त्यांचा चेहरा पांढराफटक पडे, दुसऱ्या वळणाला ते कंडक्टरला हात करत आणि पुढचा रस्ता पायी जात. पाटोद्यापर्यंत सायकल. त्याच्या पलीकडचं जग त्यांच्यापुरतं नकाशावर होतं. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते वऱ्हाडाच्या टेम्पोमागून सायकलवर गेले होते आणि मुहूर्त गाठायला टेम्पोला हळू चालावं लागलं, असं माझी माय सांगते.

बाकी समुद्र ते रंगवून शिकवत. लाटा, वारे, पाण्याखालचे डोंगर, सगळं असं की जणू कालच जाऊन आले. फक्त एका धड्याला त्यांचं घोडं अडायचं, तो म्हणजे भरती-ओहोटीचा. त्या दिवशी छत्री कोपऱ्यात जायची, सर खुर्चीत बसायचे आणि पुस्तकातलं जसंच्या तसं वाचून दाखवायचे. परीक्षेत त्यावर प्रश्न कधी येत नसे. सातवीत असताना मी उभा राहून विचारलं, "सर, गेलेलं पाणी परत कसं येतं?"

यात हुशारीचा भाग काही नव्हता. आमच्या अटलांटिकमधलं पाणी होळीच्या सुमाराला जायचं आणि ते परत यावं म्हणून आबा दोन-तीन महिने आभाळाकडं बघत बसायचे. काही वर्षी बघूनही उपयोग व्हायचा नाही. पाणी दिवसातून दोनदा जातं आणि कुणी न बोलावता दोनदा परत येतं, हे आमच्या भागातल्या माणसाच्या गळी उतरावं कसं?

सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. तास संपल्यावर बाहेर आले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला बी पटत न्हाई लेका. पुस्तकात हाय म्हणून शिकिवतो. खोटं असंल तर इतक्या पोरांना खोटं शिकिवलं म्हणायचं. तू मोठा झालास की जाऊन बग, आन् मला येऊन सांग."

त्याच क्षणी मी समुद्रशास्त्रज्ञ व्हायचं ठरवलं, असं सांगितलं की मुलाखतीत छान वाटतं आणि मी ते सांगितलेलंही आहे. खरा प्रकार असा की बारावीनंतर माझी डॉक्टरकी हुकली, दातांची हुकली, शेतकीही हुकली. जमिनीवर काही शिल्लक राहिलं नाही तेव्हा मी पाण्याकडे वळलो. बीडला पदवी घेतली, पुढचं शिकायला किनाऱ्यावर गेलो आणि मग तिथल्याच एका संस्थेत चिकटलो.

घरी याचं कौतुक झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर तो आमच्या घरी आलेला नाही. "लोकाची पोरं पुण्यात खोल्या करून कलेक्टर व्हतेत," आबा म्हणाले, "आपलं मीठ मोजाया चाललंय." चुलत्यांना थोडी आशा होती. पाण्याचं खातं म्हणजे टँकर मंजूर करणं आपल्या हातात असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. हे पाणी खारट असतं, प्यायला चालत नाही, हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "मग कावून?" एवढंच विचारलं, आणि त्या कशासाठीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पुढं पाटोद्याकडचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि आबांकडे वळून म्हणाले, "बिनपाण्याचं काई न्हाई का? तलाठी-बिलाठी?"

माझ्या बाजूनं गावात एकच माणूस होता. सर तोवर निवृत्त झाले होते आणि संध्याकाळी प्रशांतच्या कठड्यावर बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आपला माणूस समुद्रावर गेलाय." रत्नागिरीकडं ट्रक घेऊन जाणारा एक ड्रायव्हर गावात होता. त्याला सर दर खेपेला विचारत, पाणी मागं गेलतं का? तो बिचारा म्हणायचा, "सर, समुद्र टपरीच्या म्होरंच हाय, पण माल उतरवायचा का पाणी बगायचं?" देवदर्शनाला कोकणात जाऊन आलेल्या बायकांनाही त्यांनी विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, लई पाणी हाय, पण ड्रायव्हरनं लई घाई केली. तेव्हा त्यांची सगळी मदार माझ्यावर होती.

मी नोकरीला लागून वर्ष होत आलं तेव्हा त्यांचा फोन आला.

"पाणी मागं जातंय का?"

"जातं सर."

"परत येतंय का?"

"येतं. आमच्याकडं तक्ता असतो, त्यात वेळा दिलेल्या असतात."

"तू बगितलंस का?"

समुद्र आमच्या इमारतीच्या मागेच होता, पण माझी खिडकी वाहनतळावर उघडायची. दिवसभर मी थंडगार खोलीत पडद्यावर समुद्राचे आकडे बघायचो, संध्याकाळी डबा खायचो आणि रविवारी कपडे धुवायचो. भरती येताना आणि ओहोटी लागताना सलग बसून बघायची असते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. किनाऱ्यावर जायचो तेव्हा पाणी जिथं असेल तिथं असायचं.

"तक्ता माज्याकडं बी हाय," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी त्यांच्या पुतण्याच्या मोबाईलवर भरतीचा एक व्हिडिओ पाठवला. सरांनी तो पाहिला आणि निरोप दिला: "मोबाईलमधी मेलेला माणूस बी उठून बसतो. उलटं फिरिवलं की झालं." त्यापुढं असंही म्हणाले की याला जहाजावर बसवा, म्हणजे तरी पाण्याकडं बघंल.

आणि योगायोग असा की त्याच वर्षी जहाजावर जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. अट एक होती. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे जहाजावर चढण्याआधी तरणतलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून दाखवावं लागे. न जमल्यास नाव कापणार, आणि मी पुढची सगळी वर्षं वाहनतळाकडे बघत काढणार. मला पोहता येत नव्हतं. माझं पोहायला शिकायचं वय होतं तेव्हा ओळीनं दुष्काळ पडले आणि तिन्ही महासागरांत मिळून एका माणसाला बुडता येईल इतकंही पाणी नव्हतं. पुढं पाणी आलं तोवर मी मोठा झालो होतो, आणि लहान पोरांसमोर बुडायची मला लाज वाटत होती.

समुद्राचा अभ्यासक आणि पोहता येत नाही, हे ऐकून माझ्या सहकाऱ्यांना इतका आनंद झाला की मी सुट्टी टाकून गावी आलो. गणपती नुकतेच उठले होते आणि प्रशांत वरच्या पायरीपर्यंत भरला होता. सरांनी माझी हकिगत ऐकली, आत गेले आणि बैलाचा कासरा घेऊन बाहेर आले.

कासऱ्याचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं सरांच्या हातात. पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले. सरांचे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नव्हते, त्यामुळे ते वरून कठड्याच्या कडेनं चालायचे आणि मी खाली त्यांच्या चपला बघत हातपाय मारायचो. ते चालले की मी चालायचो, ते थांबले की मी बुडायचो. असं आमचं रोज सकाळी व्हायचं आणि ते बघायला गाव जमायचं. आबा शेरडं घेऊन निघालेले असायचे, तेही मुद्दाम त्या बाजूनं यायचे.

"काय बे सायेब," कठड्यावरून कुणीतरी ओरडायचं, "तळ मोजून आलास का?"

"त्याला वढून घ्या सर, पाणी खराब हुईल."

सर कुणाकडं लक्ष द्यायचे नाहीत. "माज्या पायाकडं बग," एवढंच म्हणायचे. सुट्टी संपेपर्यंत एक कॅन सुटला, मग दुसरा सुटला आणि शेवटी कासराही ढिला ठेवून मी विहिरीला फेऱ्यावर फेऱ्या मारायला लागलो. माय नारळ घेऊन आली. आबा म्हणाले, "तरंगतंय खरं," आणि हा आजवर त्यांनी माझ्याबद्दल काढलेला सर्वांत चांगला उद्गार आहे.

परीक्षा घ्यायला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पांढरी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली. बाकीचे उमेदवार हात पुढे करून अलगद पाण्यात शिरले. पाण्यात शिरायची मला एकच रीत माहीत होती, गुडघे छातीशी धरून मारायचा मुटका. तो मी मारला. वर आलो तेव्हा परीक्षकांच्या चड्डीपासून टोपीपर्यंत सगळं ओलं होतं. मग मी पोहायला लागलो. दम चांगला होता, हात सफाईनं पडत होते, मनात म्हटलं आता टोक आलंच असेल. मान वर केली तर समोर तीच शिट्टी आणि तीच ओली चड्डी. मी निघालो होतो तिथंच परत आलो होतो. मला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून पुन्हा निघालो आणि पुन्हा तिथंच आलो. मधे शेजारच्या पट्ट्यातल्या एका बाईंना धडकलोही.

विहिरीत शिकलेला माणूस गोल पोहतो. हे मला पाण्यातून बाहेर काढल्यावर कळलं. उजवीकडं वळत राहण्याची माझ्या अंगाला इतकी सवय झाली होती की सरळ जाणं म्हणजे काय हे हातापायांना ठाऊकच नव्हतं.

"तुम्ही पोहता चांगले," परीक्षक टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले. "पण पोचत नाही." मग पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी देतो, ती शेवटची, असं बजावून त्यांनी मला घालवलं.

मी सरांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"गोल?"

"हो सर."

"कुटल्या अंगानं वळत व्हतास?"

"उजव्या."

"मग ती चूक माजी हाय," सर म्हणाले. "मी देवळातल्यावानी उजव्या हातानंच फिरलो. पाण्याला उलटी प्रदक्षिणा घालू ने म्हणतेत. एकदा इकडून, एकदा तिकडून फिरलो असतो तर तू नीट निघाला असतास." आणि थोडं थांबून विचारलं, "दुसरी परीक्षा कवा हाय?"

मी वार सांगितला. त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं देवाला काहीतरी बोलणार असतील.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी फाटकावरच्या रखवालदाराचा मला निरोप आला, की एक म्हातारे गृहस्थ आलेत, छत्री आहे, आणि उभं राहता येत नाही म्हणून खाली बसलेत. मी धावत गेलो. सर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा हिरवा पडलेला, डोळे आत गेलेले, मुठीत हुंगून हुंगून काळं पडलेलं लिंबू. बीडच्या पहिल्या वळणाला बस सोडणारा हा माणूस पुण्याला गाडी बदलून, घाट उतरून आला होता. "सर, कशाला आलात?" मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पाणी कुटंय?"

तलावाच्या काठावर चपला घालून फिरायला मनाई होती. सरांनी त्या काढून हातात घेतल्या. परीक्षकांनी विचारलं, हे कोण? सर म्हणाले, "मास्तर." त्या शब्दात काय होतं कोण जाणे, नौदलाचा माणूस एक पाऊल मागं सरकला आणि त्यानं टोपीही काढून सुरक्षित जागी ठेवली. शिट्टी वाजली. मी मुटका मारला. वर येऊन बघितलं तर कडेला सरांचे अनवाणी पाय, भेगाळलेले, मातीच्या रंगाचे. ते चालायला लागले. उजवा हात पुढं, मूठ मिटलेली, जणू कासरा धरलाय. मी त्या पायांमागून निघालो. एक-दोनदा अंगानं उजवीकडं ओढ घेतली, पण पाय सरळ चालले होते, म्हणून मीही सरळ चाललो. तलाव संपला तिथं सर सवयीनं उजवीकडं वळले आणि मीही वळलो, पण तोवर माझा हात भिंतीला लागला होता. शिट्टी वाजली. परीक्षकांनी कागदावर खूण केली. मी पाण्यातच उभा राहून रडलो, ते ओल्या तोंडामुळे कुणाला कळलं नाही, आणि आता मी सांगतोय म्हणून कळतंय.

"सर, चला," मी अंग पुसून म्हणालो. "समुद्र मागंच आहे."

"आदी च्या पिऊ," सर म्हणाले.

चहा झाला. मग त्यांना पोहे खावेसे वाटले. मग दुकानात जाऊन लिंबं बघावीशी वाटली. लिंबं झाल्यावर पुन्हा चहा. मला कळेना, इतका जीव काढून आलेला माणूस शे-दोनशे पावलांवरच्या समुद्राकडे जात का नाही. दुसऱ्या चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "न्हाई आलं परत तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर घाबरले होते. इतकी वर्षं, इतक्या पोरांना, न बघता शिकवलं होतं, आणि आता त्याचा निकाल लागायचा होता. परीक्षा माझी संपली होती, त्यांची सुरू व्हायची होती.

आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र पहिल्यांदा बघणारी माणसं काहीतरी बोलतात, सर थेट पाण्याच्या कडेला गेले. वाकून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं आणि मान डोलवली. ओळख पटली होती. मग कोरड्या वाळूत बसले आणि पाण्याकडं असं बघायला लागले की जणू ते वर्गातलं उनाड पोर आहे. तक्त्याप्रमाणे ओहोटी लागली होती. पाणी हळूहळू मागं सरकत गेलं. ओली वाळू उघडी पडली, खडक उघडे पडले, बायका येऊन शिंपले वेचायला लागल्या. दुपारी मी वडापाव आणला. सरांनी नजर न हलवता खाल्ला. पाणी पार लांब जाऊन थांबलं तेव्हा ते उठले, चालत गेले आणि पाण्याच्या अगदी कडेला छत्री वाळूत रोवून आले.

"आता बगू," ते म्हणाले.

त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती. मी दोनदा आठवण केली, मग सोडून दिली. आम्ही दोघं छत्रीमागं दहा-वीस पावलांवर बसून राहिलो. नोकरीच्या इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी समुद्राकडं काही न करता बघत होतो, आणि खरं सांगतो, आता मलाही खात्री वाटेना. तक्ता खिशात होता, पण काय नेम.

उन्हं कलली. एक लाट आली आणि छत्रीच्या टोकाला चाटून गेली. दुसरी आली, तीही परत गेली. मग एक आली ती गेलीच नाही. बघता बघता छत्री घोटाभर पाण्यात उभी होती, आणि पाणी तिला मागं टाकून आमच्याकडं येत होतं. सर उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांवर आलं, तरी ते हलले नाहीत. त्यांची एक चप्पल तरंगत निघाली, तिच्याकडंही त्यांनी बघितलं नाही.

"आलं," सर म्हणाले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "शिकिवलं तसंच हाय की रे."

छत्री आडवी झाली तेव्हा ती आणायला मी पाण्यात शिरलो. त्याच दिवशी पोहण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला माणूस गुडघाभर पाण्यात दोनदा पडला. सरांची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांना बसवून दिलं तेव्हा त्यांनी लिंबू खिशात टाकलं आणि खिडकीतून म्हणाले, "आता गाडी लागली तरी चालंल."

त्यानंतर मी जहाजावर गेलो. तिथं मी काय शोध लावले असं कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. पहिले कित्येक दिवस मी कठड्याला धरून पोटातलं समुद्राला देत होतो. सरांनी फोनवर लिंबू हुंगायला सांगितलं. उपयोग झाला नाही, पण जहाजावरच्या सगळ्यांना लिंबाची सवय लागली.

या उन्हाळ्यात मायचा फोन आला. अटलांटिक कधीच आटला, हिंदी महासागरात तळाचे दगड दिसतायत आणि आता प्रशांतही गेला, आबा शेरडांना पाणी लांबून आणतायत, असं ती सांगत होती. मी विचारलं, सर काय करतात.

"बसतेत की कट्ट्यावर. रिकाम्या हिरीकडं बगत. हीर आटली म्हणलं तर अंगावर येतेत. आटली न्हाई, व्होटी लागलीय म्हणतेत." मग तिनंच विचारलं, "खरं का रे? येतं का परत?"

"येतं माय."

"तू बगितलंस का?"

"बघितलं," मी म्हणालो.